औषधांना दाद न देणारे जंतू आणि आपलं जिल्हा रुग्णालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका सरकारी जिल्हा रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग बघते. विभाग म्हणजे दीड खोली, एक इनक्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन तंत्रज्ञ. खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत पेशंटच्या नातेवाइकांनी, वॉर्डातल्या सिस्टरनी आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलेले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींचं नाही.

“पेशंटला अँटिबायोटिकची सवय झाली आहे,” असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय?

सवय पेशंटला होत नाही. औषध निष्प्रभ ठरतं ते जंतूंवर. शरीरात कोट्यवधी जंतू असतात, त्यात एखाददुसरा असा निघतो की ज्याच्याकडे त्या औषधाची तोड असते. औषध सुरू झालं की बाकीचे मरतात, तो उरतो आणि मोकळ्या रानात वाढतो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. ही तोड जंतूच्या आत प्लाझमिड नावाच्या जनुकीय तुकड्यावर लिहिलेली असू शकते आणि तो तुकडा एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी मागच्या बाकावर सरकवावी, तसा. चिठ्ठी घेणारा दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. एकाच चिठ्ठीवर चार-पाच औषधांची उत्तरं असतात, त्यामुळे जंतूला जे औषध कधी भेटलंच नाही, त्यालाही तो तयार असतो.

आमचं बाळ तीन दिवसांचं आहे. त्याने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही. मग असा जंतू त्याला कुठून आला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. राग रास्त आहे.

उत्तर असं की जंतू बाळाने तयार केला नाही, तो त्याला मिळाला. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा एक मोठा अभ्यास झाला. अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या तेरा हजारांहून जास्त बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले, त्यांतली जवळजवळ निम्मी बाळं दगावली. सर्वांत जास्त सापडलेला जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर होता, आणि त्यातले ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. क्लेबसिएलाच्या बाबतीत हे प्रमाण ५४ टक्के होतं. शिवाय दोनतृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतच झाले होते. इतक्या लवकर आणि असे जंतू म्हटल्यावर बोट प्रसूतिगृहाकडे, ऑपरेशन थिएटरकडे आणि बाळ पहिल्यांदा ज्या हातांत गेलं त्या हातांकडे जातं.

आता आपल्याकडचा एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, डोळ्यांसमोर आणा. वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे पाळणे, बारा आणि बाळं वीस. एका वॉर्मरवर दोन बाळं शेजारी शेजारी, मध्ये गुंडाळलेलं दुपटं. सक्शनची नळी एकाची काढून दुसऱ्याला. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे काढणारं पाणी कालचं. सिस्टर एक. तिला वीस बाळांना दूध, सुया, नोंदी आणि फोन हे सगळं करायचं असतं. जंतूला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

हे जंतू नेमके कोणते? वर्तमानपत्रात “सुपरबग” वाचलं.

तो शब्द मला आवडत नाही, त्याने जंतू परग्रहावरून आल्यासारखा वाटतो. आमच्याकडे येणारी नावं ठरलेली आहेत : क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, ई. कोलाय आणि जखमांमध्ये एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन गटातल्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस). यातला ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे पलंगाच्या दांडीवर किंवा मॉनिटरच्या वायरवर, आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो.

बातम्यांत येणारं एनडीएम (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे नाव जंतूचं नाही, जंतू तयार करतो त्या एन्झाइमचं आहे. कार्बापेनेम गटातली, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं हे एन्झाइम फोडून टाकतं. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटच्या नमुन्यात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. नावात “न्यू दिल्ली” आल्यामुळे पुढे आपल्याकडे बराच गदारोळ झाला. पण त्याच सुमारास, २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच एका वैद्यकीय मासिकात छापलं होतं की त्यांच्याकडच्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम आहे. नावावरून भांडण्यात वेळ गेला, आकडा मात्र घरचाच होता.

रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट यायला तीन-तीन दिवस का लागतात? सीबीसी तर तासाभरात येते.

सीबीसीत पेशी मोजायच्या असतात, त्या रक्तात आधीच असतात. कल्चरमध्ये जंतू वाढवावा लागतो.

पहिला दिवस : रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत, बाटली ३५–३७ अंशांवर. जंतू असेल तर साधारण १२ ते ४८ तासांत बाटली गढूळ होते किंवा मशीन असेल तर मशीन इशारा देतं. दुसरा दिवस : त्यातला थेंब प्लेटवर पसरायचा आणि रात्रभर थांबायचं. तिसरा दिवस : उगवलेल्या ठिपक्यांवरून जंतू ओळखायचा, त्याचा थर नव्या प्लेटवर लावायचा आणि त्यावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवायच्या. पुन्हा १६–१८ तास. मग चकतीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ किती मिलिमीटरचं आहे ते पट्टीने मोजायचं. होय, पट्टीनेच. वर्तुळ मोठं असेल तर औषध चालतं. मेरोपेनेमच्या चकतीला चिकटून जंतू हिरवळीसारखा उगवलेला दिसला की माझी तंत्रज्ञ काही बोलत नाही, प्लेट फक्त माझ्या टेबलावर आणून ठेवते.

कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाची चाचणी अशी चकतीने करताच येत नाही, कारण ते प्लेटच्या जेलीत नीट पसरत नाही. कोणी चकतीवर कोलिस्टिनचा रिपोर्ट दिला, तर तो खुशाल बाजूला ठेवा.

वेळ लागण्यामागे आमचे घरगुती घोटाळेही असतात. शनिवारी दुपारी घेतलेली बाटली वॉर्डाच्या फ्रिजमध्ये सोमवारपर्यंत पडून राहते. कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायचीच नसते. मोठ्या माणसाचं रक्त ८–१० मिली हवं, तिथे दोन मिली येतं. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे, आधी दोन दिवस सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक देऊन झालं, ताप उतरला नाही, मग कल्चर पाठवलं. त्यातून “जंतू आढळला नाही” असा रिपोर्ट येतो आणि सगळे म्हणतात, लॅबचा काही उपयोग नाही. सुई टोचतानाच, पहिल्या डोसच्या आधी रक्त काढलं तर पाच मिनिटं जातात आणि पुढचे दहा दिवस काय द्यायचं ते कळतं.

रिपोर्टवर एस, आय, आर लिहिलंय. जास्त “एस” म्हणजे चांगलं ना?

एस म्हणजे नेहमीच्या डोसला जंतू दाद देईल, आर म्हणजे देणार नाही. आय म्हणजे औषध वाढीव डोसमध्ये, किंवा लघवीसारख्या जिथे ते जास्त साचतं तिथे, उपयोगी पडू शकतं.

पण रिपोर्ट म्हणजे हॉटेलचं मेन्यूकार्ड नव्हे. मुळात जंतू सापडला म्हणजे संसर्ग आहे असंही नाही. लघवीची नळी आठवडाभर असेल तर लघवीत जंतू दिसणारच. पेशंटला ताप नसेल, तक्रार नसेल, तर त्या रिपोर्टवर औषध सुरू करू नये. तिथे नळी काढणं हाच उपचार असतो. व्हेंटिलेटरच्या नळीतून काढलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरचंही पुष्कळदा असंच. आम्ही रिपोर्टावर तसा शेरा लिहितो, पण शेरा कोणी वाचत नाही, सगळे थेट तक्त्यावर जातात.

मग सुरुवातीलाच “हायर अँटिबायोटिक” का देत नाही? आम्ही पैसे खर्च करायला तयार आहोत.

“हायर” हा शब्द आमच्याच लोकांनी रूढ केला आणि त्याने फार नुकसान केलं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही शिडीची वरची पायरी आहे, जितकं वर तितकं बरं. तसं नाही. जंतू साध्या औषधाला दाद देत असेल तर साधं औषधच जास्त गुणकारी असतं. एमआरएसए नसलेल्या साध्या स्टॅफवर सेफाझोलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतं, आणि स्वस्तही असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकांचे तीन गट केले आहेत : सर्रास वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. मेरोपेनेम दुसऱ्या गटात येतं, कोलिस्टिन तिसऱ्या. कोलिस्टिन तर जुनंपुराणं औषध. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून १९७० च्या दशकात बाजूला पडलं होतं. दुसरं काही चालेना, म्हणून माळ्यावरून खाली काढलं. आपल्या देशात ते कोंबड्यांच्या खाद्यातही जात होतं, २०१९ मध्ये त्यावर बंदी आली.

आणि पैशांचं म्हणाल, तर बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडल्यावर मंगळसूत्र गहाण टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. निदान त्या आधी कल्चर पाठवलं आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

(सिस्टरचा प्रश्न) बेसिनला पाणी दिवसातून दोन तास येतं. प्रत्येक पेशंटआधी आणि नंतर हात धुवायचे कसे?

धुवायचे नाहीत, चोळायचे. हात डोळ्यांना स्वच्छ दिसत असतील तर अल्कोहोलचं हँडरब साबण-पाण्यापेक्षा जास्त जंतू मारतं. वेळ २० ते ३० सेकंद लागतो, साबणाने ४० ते ६०. रक्त, शी, उलटी लागली असेल तर मात्र पाणीच हवं. त्यासाठी झाकणाची बादली आणि तोटी असलेला पिंप बेसिनशेजारी भरून ठेवा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आम्ही तेच करतो.

हँडरब संपलं, इंडेंट (मागणीपत्र) अडकला, हे ऐकून मी कंटाळले आणि शेवटी फार्मसीतच बनवायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेचीच कृती आहे. दहा लिटरसाठी : ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, आणि उरलेलं उकळून गार केलेलं पाणी, दहा लिटरच्या खुणेपर्यंत. इथेनॉल मिळत नसेल तर ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१५ मिली, बाकी तेच. हलवून बाटल्यांत भरायचं आणि ७२ तास हात लावायचा नाही. बाटलीत किंवा द्रावणात चुकून बीजाणू (जंतूंची टणक, सुप्त रूपं) असतील, तर पेरॉक्साइड तेवढ्या वेळात त्यांना मारतं. ग्लिसरॉल असतं ते हात फुटू नयेत म्हणून. ते वगळू नका, नाहीतर चौथ्या दिवशी कोणी बाटलीकडे बघणार नाही. हे काम स्टोव्हपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करायचं.

बाटली कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. नर्सिंग स्टेशनच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेलं हँडरब म्हणजे नसलेलं हँडरब. ती पलंगाच्या पायाशी हवी, हात लांबवला की मिळेल अशी.

एकाच आठवड्यात तीन-चार पेशंटना सारखाच जंतू निघाला. शोध कुठून सुरू करायचा?

ओल्या वस्तूंपासून. भिंतींचे, हवेचे, दाराच्या कड्यांचे स्वॅब घेत बसू नका. पन्नास प्लेटा खर्ची पडतात आणि हाती काही लागत नाही.

एक घडलेली गोष्ट सांगते. मे महिना होता. एसएनसीयूतून चार दिवसांत तीन बाळांच्या रक्तात क्लेबसिएला आला. चकत्यांभोवतीची वर्तुळं तिन्ही प्लेटांवर मिलिमीटरच्या फरकाने सारखी. मी आधी सक्शन पाहिलं, मग ह्युमिडिफायर (ऑक्सिजनची ती बुडबुड्यांची बाटली), मग दुधाच्या वाट्या. काही नाही. तिथे सफाई करणाऱ्या मावशी पोछा थांबवून म्हणाल्या, “म्याडम, ती सलाईनची बाटली बघितली का? परवापासनं तीच हाय.”

टेबलावर अर्ध्या लिटरची नॉर्मल सलाईनची बाटली होती आणि तिच्या रबरात एक सुई कायमची खुपसून ठेवलेली. वीस बाळांची इंजेक्शनं त्याच बाटलीतलं सलाईन घेऊन पातळ केली जात होती. त्यातलं पाणी प्लेटवर लावलं, दुसऱ्या दिवशी क्लेबसिएला.

मी सिस्टरवर चिडले. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, दहा मिलीचे अँप्यूल दोन महिने आलेले नाहीत. मी प्रत्येक डोसला अर्ध्या लिटरची बाटली फोडू का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अँप्यूल रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून त्याच संध्याकाळी आले. खर्च झाला तो मेरोपेनेमच्या काही कुप्यांपेक्षा कमी होता.

तेव्हापासून माझी यादी ठरलेली आहे, आणि मी ती याच क्रमाने तपासते : रबरात सुई राहिलेली बाटली, अनेकांसाठी वापरलेली औषधाची कुपी, वरून भर घालत राहिलेलं सॅव्हलॉन (पातळ केलेल्या जंतुनाशकात स्युडोमोनास आनंदाने नांदतो), स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी, ह्युमिडिफायरचं पाणी, सक्शनची बाटली, बेसिनची मोरी. दरम्यान ती बाळं एका बाजूला, त्यांच्यासाठी शक्यतो वेगळी सिस्टर, वेगळा स्टेथोस्कोप. खोली नसेल तर जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारा. हसू नका, रेघ ओलांडताना माणूस थबकतो आणि हँडरबच्या बाटलीकडे हात जातो.

सिझेरियननंतर सात दिवस अँटिबायोटिक देतात. ते लागतं का?

बहुतेक वेळा नाही. टाका घालण्याआधी नव्हे, कापण्याआधी तासाभरात एक डोस हवा, म्हणजे सुरी चालते तेव्हा रक्तात औषध असतं. ऑपरेशननंतर ते लांबवल्याने जखमेचा संसर्ग कमी होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे. तरी आपल्याकडे सात दिवस देतात, कारण थिएटरच्या निर्जंतुकीकरणावर सर्जनचा स्वतःचाच भरवसा नसतो. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) ड्रमवरची पट्टी काळी झाली की नाही हे न बघता ड्रम उघडला जात असेल, तर तो भरवसा कसा असणार? पण तो प्रश्न ड्रमचा आहे. बाळंतिणीच्या शिरेतून तो सुटत नाही.

“कोर्स पूर्ण करा” हे खरं की खोटं?

टीबीसाठी शंभर टक्के खरं. बाकी संसर्गांत सांगितले तितके दिवस घ्या, मनाने थांबवू नका आणि मनाने वाढवूही नका. न्यूमोनियाचा पेशंट सुधारत असेल तर पुष्कळदा पाच दिवस पुरतात. लांबवलेला प्रत्येक दिवस आतड्यातल्या जंतूंना आणखी एक तालीम असतो.

मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो की.

देतो, पण द्यायला नको. मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या, औषधांसाठी दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की समजा, हे मागून घ्यायचं औषध नाही. सर्दी आणि साध्या व्हायरल तापात तर त्याचा काडीचा उपयोग नसतो.

पेशंटला मोठ्या खाजगी रुग्णालयात हलवलं तर हा जंतू टाळता येईल का?

जंतूला सरकारी-खाजगी कळत नाही. तिथे माणसं जास्त आणि खोल्या वेगळ्या असतील तर धोका कमी, एवढंच. पण तिथल्या आयसीयूत नळ्याही जास्त असतात. हलवण्याचं कारण व्हेंटिलेटर, सर्जन किंवा डायलिसिस हे असावं. हलवणार असाल तर कल्चरचा रिपोर्ट सोबत न्या आणि तो हातात द्या. फाइलच्या तळाशी गेलेला रिपोर्ट तिसऱ्या दिवशी सापडतो, तोवर चुकीचं औषध चाललेलं असतं.

आजी म्हणतात बाळाला घुटी द्या, देवीचा अंगारा लावा. चालेल?

आजींच्या मायेला माझं काही म्हणणं नाही. पण एसएनसीयूतल्या बाळाला घुटी, मध, काजळ काही नको. अंगारा आईच्या कपाळाला लावा, बाळाच्या नको. आजींना काही करायचंच असेल तर त्याहून मोठं काम आहे : बाळाला उघड्या छातीशी धरून बसणं, म्हणजे कांगारू काळजी. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच असं धरलं, तेव्हा मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले आणि जंतुसंसर्गही घटला. बाळाच्या अंगावर वॉर्डातले जंतू बसण्याआधी घरचे बसतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आई थकली की आजी, आजी थकली की बाबा. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हाताला हँडरब चोळून.

नवीन औषधं येत नाहीत का?

येतात, थोडी. चेन्नईच्या ऑर्किडने शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, सेफेपाइमबरोबरच्या जोडीत. पण एनडीएमवर ते चालत नाही. एनडीएमवर सेफ्टाझिडाइम-अव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम एकत्र देतात. आमच्या फार्मसीच्या यादीत ती जोडी नाही.

घरी सोडल्यावर आम्हा बाकीच्यांना लागण होईल का?

घरातल्या धडधाकट माणसांना सहसा काही होत नाही. तो जंतू पेशंटच्या आतड्यात काही महिने मुक्काम करू शकतो, म्हणून संडासनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं पुरे. वेगळं ताट, वेगळी खोली, असलं काही करू नका. शिवाशिव पाळण्यासारखं यात काहीच नाही.

एक मात्र करा. डिस्चार्ज कार्डाचा आणि कल्चरच्या रिपोर्टचा फोटो काढून घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधीही, कुठेही भरती व्हायची वेळ आली, तर केस पेपर काढतानाच तो दाखवा.